'स्ट्रे' : वाट सोडून गेलेल्यांचा शब्द

आज एकच इंग्रजी शब्द घेऊ. शब्द लहान आहे, उच्चार 'स्ट्रे'. नववी-दहावीच्या मुलांना तो धड्यात भेटतो, इंग्रजी वर्तमानपत्रात वरचेवर दिसतो, आणि ज्याने इंग्रजीचे पुस्तक कधी उघडले नाही अशा शेतकऱ्याचीही एखाद्या सरकारी कागदावर त्याच्याशी गाठ पडते. मुलाने विचारले, "गुरुजी, स्ट्रे म्हणजे काय हो?" की बहुतेक गुरुजी सांगून मोकळे होतात, "भटका. लिहा पुढे."

हे उत्तर घाईच्या वेळी चालून जाते. पण त्यात एक घोटाळा आहे. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या मनाला लागेल इतका तो मोठा आहे. तिकडे आपण शेवटी येऊ. आधी शब्द नीट पारखून घेऊ.

समजा, संध्याकाळी गुरे परत आली. गोठ्यात मोजली तर एक वासरू कमी. गुराखी म्हणतो, "ओढ्यापातुर व्हतं की हो माझ्यासंगं." आता या वासराचे काय झाले? ते कळपात होते, कळप सोडून गेले, आणि कोणी त्याला नेलेले नाही, हाकललेले नाही, ते आपल्या पायांनी, चारा हुंगत हुंगत, नकळत बाजूला झाले. इंग्रज मनुष्य याला म्हणेल, वासराने 'स्ट्रे' केले. म्हणजे या शब्दाच्या पोटात तीन गोष्टी आहेत. एक, काहीतरी ठिकाण असले पाहिजे: घर, कळप, वाट, विषय, काहीही. दुसरी, ते ठिकाण सुटले पाहिजे. आणि तिसरी, ते सुटणे बेत करून झालेले नसावे. चोराने बैल सोडून नेला तर तो 'स्ट्रे' नव्हे. बाजारात विकायला नेला तर तोही नव्हे. ज्याला मुळात दावणच नाही, त्याच्या बाबतीत तर हा शब्द वापरताना जरा थांबलेच पाहिजे.

इंग्रजीत हिंडण्याफिरण्याचे शब्द पुष्कळ आहेत. 'वाँडर' म्हणजे नुसते हिंडणे. हिंडणाऱ्याचे घर कुठे आहे, आहे की नाही, याची चौकशी तो शब्द करीत नाही. 'रोम' म्हणजे मनसोक्त, मोकळेपणी हिंडणे. 'स्ट्रे' मात्र सतत मागे वळून पाहणारा शब्द आहे. कुठून सुटला, हे तो विसरू देत नाही.

आता आपल्या मराठीकडे पाहा. गुराढोरांच्या बाबतीत मराठी इंग्रजीपेक्षा गरीब नाही, उलट श्रीमंतच आहे. 'चुकलेले' हा 'स्ट्रे'ला सर्वांत जवळचा शब्द. "वासरू चुकलं" असे आपण म्हणतो ना, अगदी तेच. 'मोकाट' म्हणजे ज्याला कोणी बांधलेले नाही, राखण नाही. मालक असेलही, पण त्याचे लक्ष नाही. यात दोष जनावरापेक्षा मालकाचा अधिक. 'उनाड' हा शब्द जनावरापेक्षा पोरांनाच जास्त वापरतात. आणि 'ओढाळ'! या शब्दाला इंग्रजीत तोड शोधून पाहा, एका शब्दात सहज सापडणार नाही. ओढाळ गाय म्हणजे जिला दुसऱ्याच्या उभ्या पिकाची ओढ आहे. खानदेशात याच शब्दाचे 'वढाय' होते, आणि बहिणाबाई चौधरींनी तो माणसाच्या मनाला लावून अजरामर केला. 'ओढाळ' हा स्वभाव सांगतो, 'स्ट्रे' ही अवस्था सांगतो. ओढाळ गाय दावणीला बांधलेली असली तरी ओढाळच. उलट एखादी गरीब गाय, जिने जन्मात कोणाच्या पेंढीला तोंड लावले नाही, ती वादळात बुजून पळाली तर 'स्ट्रे' होते, पण ओढाळ होत नाही. ओढाळाच्या गळ्यात आपण लोढणे अडकवतो. चुकलेल्या गरीब गाईच्या गळ्यात लोढणे घालणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

आणखी एक शब्द राहिला, 'बेवारशी'. कचेरीच्या मराठीत तो फार. 'स्ट्रे कॅटल' दिसले की खाली 'बेवारशी जनावरे' असे भाषांतर ठोकून देतात. येथे मात्र जपून. बेवारशी म्हणजे ज्याला वारस नाही, धनी नाही. 'स्ट्रे' जनावराला धनी असतो. तो कोण एवढेच ठाऊक नसते. शब्दांचा कीस काढतो आहे असे वाटेल, पण ज्याचा बैल चुकला आहे त्याला विचारा. कागदावर 'बेवारशी' लिहिले म्हणजे बैलाचा धनी कागदावरून पुसला गेला. 'चुकलेला' लिहिले म्हणजे धनी शोधायचा आहे, एवढे तरी त्या कागदात शिल्लक राहिले.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही हीच काळजी घेतलेली दिसते. तेथे अशा जनावराला 'एस्ट्रे' म्हणत; 'स्ट्रे'चाच हा थोरला भाऊ. ब्लॅकस्टन नावाच्या कायदेपंडिताने १७६५ ते १७६९ या काळात इंग्लंडच्या कायद्यांवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या एस्ट्रेचे नियम दिले आहेत. कोणाच्या जहागिरीत अनोळखी गुरू सापडले आणि त्याचा धनी कोणालाच माहीत नसला, तर ते राजाचे. आणि राजाने हा हक्क बहुधा त्या त्या जहागीरदाराला दिलेला असे. पण लगेच नव्हे. आधी चर्चमध्ये आणि जवळच्या दोन बाजारगावांत पुकारा करायचा. मग एक वर्ष आणि एक दिवस वाट पाहायची. तेवढ्यात धनी आला नाही तरच जनावर जहागीरदाराचे. बरे, त्या वर्षभरात त्याने जनावराला वैरणपाणी घालायचे, पण कामाला जुंपायचे नाही. जुंपले तर धन्याला फिर्याद करता येई. गाय असली तर दूध मात्र काढावे, कारण दूध काढणे हे गाईच्याच हिताचे! हा नियम ज्याने केला त्याला गोठ्यातले कळत होते, एवढे कबूल केले पाहिजे.

मौज अशी की त्या जुन्या कायद्याप्रमाणे कुत्रा किंवा मांजर एस्ट्रे होऊ शकत नसे. मेंढरे, बैल, डुकरे, घोडे, म्हणजे ज्याला किंमत आहे तेच. कुत्र्यामांजराला कायद्याच्या लेखी मोलच नव्हते. आज 'स्ट्रे' म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पहिल्याने कुत्राच उभा राहतो. शब्दसुद्धा आपली वाट सोडतात, ते असे.

आपल्याकडे १८७१ साली गुरांच्या आगळिकीचा कायदा झाला. कोंडवाडा हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना या कायद्याची ओळख आहे, मग त्याचे नाव माहीत असो वा नसो. पिकात शिरून नासधूस करणारे जनावर शेतकऱ्याने धरावे आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे, असे त्यात होते. गुरे या शब्दाची त्यातली यादी वाचण्यासारखी आहे. शेळीच्या करडापासून ते हत्तीपर्यंत सगळे त्यात आले. हत्ती कोंडवाड्यात कोणी आणि कसा न्यायचा, ते कायदा करणाऱ्यालाच ठाऊक. सात दिवसांत धनी आला नाही तर कोंडवाडेवाल्याने जवळच्या पोलीस ठाण्याला कळवायचे. ठाण्यावर नोटीस लागायची आणि जेथे जनावर धरले त्या गावात व जवळच्या बाजारात दवंडी द्यायची. नोटिशीपासून आणखी सात दिवस वाट पाहून मगच जाहीर लिलाव. तिकडे चर्च आणि बाजारगाव, इकडे चावडी आणि बाजार. मुदत मात्र तिकडे वर्षाची आणि इकडे मोजून दोन आठवड्यांची. गोऱ्या साहेबाने आपल्या गावचे औदार्य बोटीत बसवून इकडे आणले नाही, असे म्हणावयाला हरकत नाही.

हा शब्द आला कोठून? इंग्रजीत तो जुन्या फ्रेंच भाषेतून आला, इथपर्यंत विद्वानांचे एकमत आहे. पुढे दोन मते. काही म्हणतात की ज्या लॅटिन शब्दापासून इंग्रजीतला 'स्ट्रीट' म्हणजे रस्ता झाला, त्याच्याशी याचे नाते. रस्त्यावर हिंडते ते जनावर 'स्ट्रे'. दुसरे म्हणतात की 'एक्स्ट्रा' म्हणजे बाहेर आणि 'व्हागारी' म्हणजे हिंडणे, या दोन लॅटिन शब्दांची ती झीज आहे. हे दुसरे मत खरे असेल तर 'स्ट्रे'चा एक सख्खा भाऊ आपल्या चांगल्या ओळखीचा निघतो. तो म्हणजे 'एक्स्ट्रॅव्हॅगंट'. आज त्याचा अर्थ उधळ्या, पण मुळात हद्दीबाहेर हिंडणारा. शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकात पहिल्याच प्रवेशात हे विशेषण एका भुताला लावले आहे. ते भूत पैसे उधळणारे नव्हते. आपली हद्द सोडून रात्री बाहेर हिंडणारे होते. वरच्या वर्गांना शिकवणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

'स्ट्रे'चा एक अर्थ तर आपल्या गावाच्या वेशीवर येऊन थांबतो. इंग्लंडमध्ये यॉर्क शहराभोवती मोठमोठी गवताची मोकळी राने आहेत, त्यांना 'स्ट्रे' असेच नाव आहे. हॅरोगेट नावाच्या गावात दोनशे एकरांचे असे हिरवे मैदान आहे. १७७८ सालच्या निवाड्याने ते सर्वांसाठी कायम मोकळे राखून ठेवले गेले, आणि त्याला आजही 'द स्ट्रे' म्हणतात. गुरे मोकळी चरायला सोडण्याचा हक्क, आणि त्यावरून ती जमीन. म्हणजे आपले गायरानच की! गाव वाढले, घरे झाली, तरी ते मैदान त्यांनी सोडले नाही. आपल्याकडची गायराने कुठे गेली, ते ज्याने त्याने आपापल्या गावच्या नकाशावर पाहून घ्यावे.

आता थोडे व्याकरण. 'स्ट्रे' हे क्रियापदही आहे, नामही आहे आणि विशेषणही आहे. विशेषण म्हणून तो नेहमी नामाच्या आधी बसतो: 'स्ट्रे डॉग', 'स्ट्रे कॅटल'. क्रियापद असताना पुढे बहुधा 'फ्रॉम' किंवा 'इंटू' येते. 'स्ट्रे फ्रॉम' म्हणजे अमुक सोडून जाणे आणि 'स्ट्रे इंटू' म्हणजे नकळत अमुक ठिकाणी शिरणे. या दुसऱ्या प्रयोगाकडे लक्ष द्या. अरबी समुद्रात मासेमारी करणारे आपले कोळी बांधव पाकिस्तानच्या हद्दीत गेले म्हणून पकडले जातात, पालघरकडच्या खलाशांवरही ही पाळी आलेली आहे. अशी बातमी देताना इंग्रजी वर्तमानपत्र 'एंटर्ड' न लिहिता 'स्ट्रेड इंटू' लिहिते. 'एंटर्ड' म्हणजे शिरले. का शिरले, ते सांगितलेले नाही. 'स्ट्रेड' म्हटले की बेत नव्हता, वारे होते, प्रवाह होता, मासळीमागे जाताना भान राहिले नाही, हे सगळे त्यात येते. समुद्रात बांध घातलेला नसतो. त्या एका क्रियापदात त्या माणसांची बाजू मांडलेली असते. मराठीत सांगताना "होडी भरकटली" किंवा "चुकून हद्द ओलांडली" असे सांगावे. "घुसले" म्हणू नये.

'स्ट्रे'ची धाकटी बहीण 'अस्ट्रे'. उच्चारताना जोर शेवटच्या 'ट्रे'वर द्यावा, नाहीतर मुले त्याची 'ॲश-ट्रे', म्हणजे विडीची राख झाडायची बशी, करून टाकतात. हे क्रियाविशेषण आहे. 'गो अस्ट्रे' म्हणजे भलतीकडे जाणे. पत्र 'अस्ट्रे' गेले म्हणजे टपालात गहाळ झाले. मुलगा 'अस्ट्रे' गेला म्हणजे वाकड्या वाटेला लागला. 'लेड अस्ट्रे' म्हणजे कोणीतरी त्याला त्या वाटेला लावले. लक्षात ठेवायचे ते इतकेच की 'अस्ट्रे डॉग' असे म्हणता येत नाही. 'स्ट्रे डॉग' म्हणावे. परीक्षेत ही चूक हमखास होते. आणखी एक बारकावा. नुसता 'स्ट्रे' गुरांना लागतो तेव्हा त्यात पापपुण्य नसते. 'अस्ट्रे' माणसांना लागला की त्यात नीतीचा वास येतो. याचे कारण बायबल. १६११ साली इंग्लंडमध्ये बायबलचे जे प्रसिद्ध भाषांतर झाले, त्यात मेंढपाळाचे हरवलेले मेंढरू आणि देवाला विसरलेला मनुष्य यांची जोडी या शब्दाने घातली. तेव्हापासून इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात या शब्दामागून एक मेंढरू चालत येते.

आता बाकीचे प्रयोग भराभर पाहू. 'स्ट्रे बुलेट' म्हणजे नेम एकीकडे आणि लागली दुसऱ्यालाच, अशी गोळी. 'स्ट्रे रिमार्क' म्हणजे बोलता बोलता सहज तोंडातून निसटलेले वाक्य. 'स्ट्रे हेअर' म्हणजे वेणीतून सुटलेली बट. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडच्या इंग्रजी पत्रात 'स्ट्रे इन्सिडंट्स' वगळता मतदान शांततेने झाले, असे ठरलेले वाक्य असते. तेथे 'भटक्या घटना' म्हणाल तर हसे होईल. 'तुरळक प्रकार' म्हणावे. रवींद्रनाथ ठाकुरांच्या लहान लहान इंग्रजी कवितांचे एक पुस्तक १९१६ साली निघाले, त्याचे नाव 'स्ट्रे बर्ड्स'. थव्यातून सुटून क्षणभर खिडकीशी येणारी पाखरे, तसे ते विचार. या नावात तक्रारीचा सूर मुळीच नाही, हे पाहा. तोच शब्द कोंडवाड्याच्या पाटीवर रुक्ष दिसतो आणि कवितेच्या पुस्तकावर कोवळा.

आणि रेडिओवर बोलतो आहे तर हेही सांगितले पाहिजे. बिनतारी संदेशाच्या सुरुवातीच्या काळात यंत्रात कोठून तरी अवचित शिरणाऱ्या आवाजांना यंत्रचालक 'स्ट्रेज' म्हणत. दूरवर वीज चमकली की तिच्या लहरी यंत्रात शिरतात. पावसाळ्यात मध्यम लहरींवर भाषण ऐकताना मध्येच जी खरखर होते ना, ती हीच. कोणी पाठवलेली नाही, कोणासाठी पाठवलेली नाही, उभ्या पिकात शिरलेले गुरूच ते.

वाट सोडण्यावरून शब्द झाले आहेत ते फक्त गुराख्याच्या अनुभवातून नाहीत. नांगरणाऱ्यानेही दिले आहेत. लॅटिनमध्ये नांगराच्या तासाला किंवा दोन तासांमधल्या वरंब्याला 'लिरा' म्हणत. नांगर लिरा सोडून गेला की 'डेलिरारे'. त्यावरून 'डेलिरियम'. तापात मनुष्य बरळू लागला की डॉक्टर हाच शब्द लिहितात. म्हणजे तापकऱ्याच्या बुद्धीचा नांगर तासातून बाहेर गेला! प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, आणखी एक नोंद केली आहे. नांगरणारा पुरता वाकून नांगर धरीत नसेल तर तास वाकडे जातात, आणि या वाकडे जाण्याचाच शब्द पुढे कचेरीत गेला, असे तो सांगतो. तोच आजचा इंग्रजी 'प्रिव्हॅरिकेट', म्हणजे सरळ उत्तर न देता टाळाटाळ करणे. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून आढेवेढे घेतो, तो रोमन शेतकऱ्याच्या हिशेबी वाकडे तास काढीत असतो. आमच्या मराठीतही 'चूक' हा शब्द 'चुकणे'पासूनच आला, आणि वाट चुकणे हा त्याचा अगदी रोजचा अर्थ. लॅटिन 'एरारे' म्हणजे हिंडणे, वाट चुकणे. त्यापासून इंग्रजी 'एरर', म्हणजे चूक. हजारो कोसांवरच्या दोन भाषांत हिशेबातली चूक आणि रानातली चूक एकच निघाली.

आयर्लंडमध्ये या शब्दाने एक गंमतीची समजूत नोंदवून ठेवली आहे. तेथील खेडूत म्हणत, शेतात एखादे मंतरलेले ढेकूळ किंवा गवताचा तुकडा असतो; त्यावर पाय पडला की माणसाला आपल्याच शेतातून बाहेरची वाट सापडत नाही, रात्रभर गोल गोल फिरतो. त्या तुकड्याला 'स्ट्रे सॉड' म्हणत. उपाय काय, तर अंगातला कोट उलटा करून घालायचा. आमच्या कोकणातल्या आणि देशावरच्या श्रोत्यांना हे ऐकून एकच शब्द आठवेल, 'चकवा'. "चकवा लागला, पहाटेपातुर त्याच वडाला येऊन पोचत व्हतो." कोट उलटा करणे आपल्याकडे ऐकिवात नाही, आपल्याकडे उजाडेपर्यंत एका जागी बसून राहा म्हणतात, आणि हा उपाय जास्त शहाणपणाचा आहे. कारण गोल फिरण्यात खोटे काही नाही. २००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी माणसांना एका मोठ्या अरण्यात आणि सहारा वाळवंटात सरळ चालावयास सांगितले. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीच सरळ गेली. ढग आले, चंद्र मावळला, की वळत वळत आपल्याच मागच्या वाटेवर येऊ लागली, आणि आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. भूत कोणी नव्हते. लांबची खूण दिसेनाशी झाली की पाय आपले आपण वळतात.

आता सुरुवातीला सांगितलेल्या घोटाळ्याकडे येतो, आणि हे विशेषतः शिक्षक बंधुभगिनींसाठी.

'स्ट्रे डॉग्ज' म्हणजे 'भटके कुत्रे', असे आपण लिहितो. आणि 'नोमॅडिक ट्राइब्ज' म्हणजे 'भटक्या जमाती', असेही लिहितो. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. 'नोमॅड' हा ग्रीक शब्द, मूळ अर्थ कळप चारीत हिंडणारा. आपण दोन्ही शब्दांवर मराठीत एकच विशेषण चिकटवले. वर्गात पहिल्या बाकावर बसलेला मुलगा घिसाड्याचा आहे, वैदूचा आहे, नंदीवाल्याचा आहे. फळ्यावर काल 'भटक्या जमाती' लिहिले होते, आज 'भटके कुत्रे' लिहिले. तो काही बोलत नाही, उतरवून घेतो.

बरे, अर्थानेही ते चूक आहे. धनगराचे पाहा. पावसाळा सरला, दिवाळी झाली, की मेंढरे घेऊन तो घाट उतरून कोकणात जातो. कोणाच्या रानात किती रात्री मेंढरे बसवायची, हे बोलून ठरलेले असते. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो. पावसाच्या आधी तो पुन्हा वर येतो. त्याची वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, वर्षाचे वेळापत्रक ठरलेले. कळपातले एखादे कोकरू 'स्ट्रे' होईल. धनगर 'स्ट्रे' नव्हे. तो आपल्या वाटेवरच आहे. घिसाडी नांगरणीच्या आधी गावात येऊन फाळ शेवटून देतो, तोही वाट चुकून आलेला नसतो. त्याला येणे भाग असते आणि गावालाही तो यायला हवा असतो.

चालत्या माणसाला चुकलेला मानण्याची किंमत आपल्या देशात पुष्कळांनी मोजली आहे. ज्या १८७१ साली मघाचा गुरांचा कायदा झाला, त्याच साली गुन्हेगार जमातींचा कायदाही झाला. आधी तो उत्तरेकडच्या प्रांतांत लागू होता, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही लावता येऊ लागला. जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून नोंदवल्या. हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तारेचे कुंपण घातलेली त्यांची वसाहत होती. गुरांना कोंडवाडा आणि माणसांना वसाहत, एकाच सालातली ही दोन कलमे. फरक इतकाच की चुकलेल्या बैलाचा धनी दंड भरून त्याला सोडवून नेऊ शकत असे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, आणि म्हणून त्या जमातींना 'विमुक्त' हे नाव मिळाले.

शब्द बदलता येतात, हे इंग्लंडमध्येही दिसले आहे. तेथे १८८१ साली एडवर्ड रुडॉल्फ यांनी निराधार मुलांसाठी एक संस्था काढली. तिच्या नावात 'वेफ्स अँड स्ट्रेज' असे शब्द होते. 'वेफ' म्हणजे कायद्याच्या जुन्या भाषेत चोराने पळताना टाकून दिलेला माल, आणि 'स्ट्रे' म्हणजे चुकलेले गुरू. हेतू दयेचा होता, पण मुलांच्या अंगावर ते नाव पासष्ट वर्षे राहिले. १९४६ साली संस्थेने ते काढून साधे 'मुलांची संस्था' अशा अर्थाचे नाव घेतले.

तेव्हा वर्गात काय करावे? 'स्ट्रे डॉग'ला 'मोकाट कुत्रा' म्हणावे. हा शब्द वर्तमानपत्रांनी रुळवलेला आहे, पोरांनाही चटकन कळतो. 'स्ट्रे काउ'ला 'चुकलेली गाय' किंवा 'मोकाट गाय', जसा प्रसंग असेल तसे. 'भटक्या जमाती' हा शब्द सरकारी यादीतला आहे, तो राहू द्या. पण तो शिकवताना त्यांची वाट, त्यांचा धंदा, त्यांचे वर्षाचे गणित यांची चार वाक्ये बोला. अशी वाट चालणारे घर वर्गात असेल तर त्या मुलालाच विचारा. नकाशावर बोट ठेवून तो सांगेल.

राहता राहिला कुत्रा. त्याच्या बाबतीत 'स्ट्रे' हा शब्द मला स्वतःला कधीच पुरता पटलेला नाही. जो गल्लीत जन्मला, गल्लीतच वाढला, त्याने सोडले काय आणि चुकला कोठे? केंद्र सरकारच्या २००१ सालच्या नियमांत त्याला रस्त्यावरचा कुत्रा म्हटले होते, २०२३ च्या नियमांत वस्तीचे जनावर अशा अर्थाचा शब्द आला. खेड्यात आपण त्याला गावकुत्रे म्हणतोच. चावडीपुढे जन्मते, चार घरची भाकरी खाते, रात्री कोण आले कोण गेले ते पाहते. परगावचे एखादे कुत्रे वेशीतून आत आले की सगळी आळी उठवते. त्या वेळी 'स्ट्रे' कोण, याविषयी त्याच्या मनात काही शंका नसते.